व्हीमॅफ ९४ आणि तरी बॉल दिसत नाही? आधी विचारा, ओरिजिनल कुठलं धरलं

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. नाइट टेनिस क्रिकेट, लाइव्हखाली कमेंट "बॉलच दिसत नाय", आणि स्ट्रीमिंगवाली कंपनी म्हणते व्हीमॅफ (व्हिडिओ किती चांगला दिसतो त्याचे सॉफ्टवेअरने दिलेले शंभरपैकी मार्क) ९४ आलाय, प्रॉब्लेम प्रेक्षकांच्या नेटचा. सेम टू सेम आमच्याकडे झालंय, आकडासुद्धा जवळपास हाच. बिटरेट (सेकंदाला किती डेटा जातो ते), अपलोड, केबल हे सगळं तुम्ही बघितलंच असणार, ते सोडून देतो.

कंपनीचं नाव घेत नाही, पण त्यांच्या सपोर्टने आमचा अख्खा सीझन खाल्ला. प्रत्येक मेलला तोच रिपोर्ट, तीच सरासरी. फोन केला की नवीन माणूस, त्याला परत पहिल्यापासून सगळं सांगा, आणि तो शेवटी म्हणणार "सर, आमच्याकडून सगळं ओके दिसतंय". इकडे गावाकडची, मुंबईतली, दुबईतली आपली माणसं मॅच बघायला बसलेली आणि स्पॉन्सर आम्हाला विचारतोय काय चाललंय. शेवटी एकच प्रश्न लेखी विचारला, हा स्कोअर कशाशी तुलना करून काढला? तेव्हा बाहेर आलं. आम्ही ५० एफपीएस (सेकंदाला ५० फ्रेम, म्हणजे ५० चित्रं) पाठवत होतो, ते त्यांच्या सर्व्हरवर आधी २५ व्हायचं आणि त्या २५ वाल्यालाच ओरिजिनल धरून पुढची मोजणी. म्हणजे निम्म्या फ्रेम मोजायच्या आधीच गेलेल्या! मला याचा आजही राग येतो कारण एका ओळीच्या उत्तराचं काम होतं.

व्हीमॅफ वाईट नाही हां. नेटफ्लिक्सचं आहे, २०१६ पासून ओपन सोर्स, माणसांनी दिलेल्या मार्कांवर शिकवलेलं. पण ते ओरिजिनल फ्रेम आणि एन्कोड झालेली (पाठवण्यासाठी दाबून लहान केलेली) फ्रेम शेजारी ठेवून बघतं, आणि ओरिजिनल म्हणून तुम्ही जे द्याल ते त्याच्यासाठी परफेक्ट. आता हिशोब करा, ताशी १०० किलोमीटरचा बॉल सेकंदाला २८ मीटर जातो, म्हणजे २५ एफपीएसला एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत मीटरभर पुढे. ५० ला अर्धा मीटर. डोळ्याला बॉल पकडता येतो की नाही ते इथेच ठरतं आणि रिपोर्टमध्ये याचा पत्ताच नाही.

दुसरी गोची सरासरीची. तीन तासांच्या स्ट्रीममध्ये स्कोअरबोर्ड, फील्ड लावणं, स्पॉन्सरची पाटी हे सगळं स्थिर असतं, तिथे मार्क भरपूर पडतात. शॉट बसला, कॅमेरा बाउंड्रीकडे फिरला की त्या दोन-तीन सेकंदांत गवताचा लगदा होतो, आणि नेमकं तेच लोकांना बघायचं असतं. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये गवताकडे बघत बसा, कीफ्रेम (मधूनमधून पाठवलेलं पूर्ण चित्र, बाकी फ्रेममध्ये फक्त बदल असतो) आली की क्षणभर एकेक पातं दिसतं, मग परत सगळं सारवल्यासारखं सपाट, दर दोन सेकंदांनी हेच. सरासरीत हे बुडून जातं. म्हणून फ्रेमवार लॉग (प्रत्येक फ्रेमचे वेगळे मार्क) मागा, एफएफएमपेग या फुकट मिळणाऱ्या व्हिडिओ सॉफ्टवेअरमधून निघतो, कोणी नाही म्हणू शकत नाही, आणि फक्त सगळ्यात वाईट भाग बघा. व्हीमॅफचं मॉडेल (टीव्हीसाठीचं की फोनसाठीचं) कुठलं वापरलं तेही विचारा, फोनचं मॉडेल लावलं की त्याच व्हिडिओला मार्क जास्त पडतात. आणि बफरिंग यात अजिबात धरत नाहीत, त्यासाठी आयटीयूचं (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचं) पी.१२०३ हे मानक वेगळं आहे.

माझं स्पष्ट मत (मी व्हिडिओ इंजिनियर नाही, मैदानावर उभं राहून शिकलोय, तुमचा सेटअप वेगळा असू शकतो), माणसं बसवल्याशिवाय काही खरं नाही. दहा-दहा सेकंदांचे क्लिप काढा, बॉलरचा रनअप, सिक्स, थ्रो, थोडी गर्दी. मध्ये ओरिजिनलसुद्धा न सांगता घुसवा, क्रम बदलत राहा, एक ते पाच मार्क घ्या. आयटीयूच्याच बीटी.५०० मध्ये (माणसं बसवून चित्र तपासायचे नियम) निदान १५ माणसं म्हणतात, तेवढी मंडळाच्या ऑफिसात सहज जमतात. फक्त कॅमेरावाले आणि कंपनीचे नकोत, रोज मॅच बघणारे हवेत. आणि मार्कांशिवाय एक साधा प्रश्न वेगळा विचारा, बॉल बॅटला लागला ते दिसलं का.

कबड्डी करत असाल तर हाच प्रश्न बोनसचा विचारा, रेडरचा मागचा पाय हवेत होता का. २५ एफपीएसवर कमेंटमध्ये भांडणंच होतात.

जाता जाता, फ्लडलाइटखाली शटर १/१०० च्या आसपास ठेवून बघा, लाइट फडफडत असेल तर कमी होतं. गेन (कॅमेऱ्यात उजेड कृत्रिमपणे वाढवणं) फार चढवू नका, अंधारातले दाणे सगळा बिटरेट खातात. बऱ्याच ठिकाणी लाइटच कमी असतात, त्याला एन्कोडर काय करणार, आयोजकांना हे कोणीतरी सांगायला हवं.

आणि कॅमेऱ्यातून ५०पी (सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम) निघतंय की ५०आय (५० अर्ध्या फ्रेम) हे आजच बघा. आय असेल आणि पुढे कोणी डीइंटरलेस करताना (अर्ध्या फ्रेमच्या पूर्ण फ्रेम बनवताना) २५ पी करत असेल तर निम्मी हालचाल तिथेच गेली. कंपनीला लेखी विचारा, इनपुट किती एफपीएस, ओरिजिनल कुठल्या पॉइंटचं, मॉडेल कुठलं. लॉग मिळाला तर इथेच टाका, कुठली ओव्हर आहे तेही लिहा, मी बघतो.