सांगलीत कॉलनीच्या बागेत श्रमदानातून स्केटपार्क बांधता येईल का?

तुमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये बाग आहे, तिचा अर्धा भाग तणानं भरलाय, आणि पोरं स्केटबोर्ड घेऊन अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये बोलणी खातात. तर वर्गणी आणि श्रमदानातून तिथे छोटा स्केटपार्क होईल का, असं तुम्ही विचारलंय. होईल. विश्रामबागेच्या बाजूला आम्ही एक लहानसा केलाय. मी बांधकामावर सुपरवायझर म्हणून काम करतो, त्यामुळे माझं उत्तर बरंचसं माती-काँक्रीटचं असेल.

सगळ्यांचं लक्ष रॅम्पकडे असतं. कुणी मोबाइलवर परदेशातला बाउल, म्हणजे वाटीसारखा खोलगट पार्क, दाखवतो, कुणी रेलिंगचं डिझाइन. पण सांगलीत स्केटपार्क टिकणार की फुटणार, हे रॅम्पखालच्या मातीवर ठरतं. माझं स्पष्ट मत आहे की माणसांचं बळ खालच्या भरावाला आणि नंतरच्या देखभालीला द्यावं. वरचं काँक्रीट मात्र मजुरी देऊन जाणत्या गवंड्याकडूनच करून घ्यावं.

कृष्णाकाठची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात रिकाम्या प्लॉटमध्ये हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात, हे तुम्ही पाहिलंच असेल. अशा मातीवर थेट टाकलेला कोबा पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच उचलला जातो. घराच्या अंगणात ते चालून जातं. स्केटबोर्डचं चाक मात्र जेमतेम ५०-५५ मिलिमीटर व्यासाचं आणि कडक असतं. अर्ध्या इंचाच्या कडेला ते अडतं, बोर्ड जागेवर थांबतो आणि पोरगं पुढे जाऊन पडतं.

म्हणून जागा ठरली की आधी दोन-तीन ठिकाणी खड्डे घेऊन काळी माती किती खोल आहे ते बघा. सगळी निघाली तर उत्तमच. नाही निघाली तरी निदान दोन फूट उकरून मुरूम भरा, तोही एकदम नाही. सहा इंचांचा थर, पाणी, रोलर, मग पुढचा थर. हिशोब सोपा आहे. पन्नास बाय वीस फुटांच्या जागेवर पाच इंच काँक्रीट म्हणजे सव्वाचार ब्रासच्या आत (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). त्याच जागेखाली दोन फूट मुरूम म्हणजे दाबून बसलेला वीस ब्रास, आणि गाडीतून येणारा सुटा माल त्याहून जास्त. काँक्रीटच्या जवळजवळ पाचपट काम जमिनीखाली आहे, आणि ते सगळं घमेली-फावड्यांचं आहे. कॉलेजची पोरं, त्यांचे आईवडील, निवृत्त मंडळी, ज्याला जेवढं जमेल तेवढं करू शकतात. साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावानं २०१६ साली श्रमदानातून पाणलोटाची कामं करून पहिला वॉटर कप जिंकला. आपल्याकडे लोकांना फावडं धरायला शिकवावं लागत नाही, कशासाठी धरायचं ते नीट सांगावं लागतं. मुरूम घेताना गौण खनिजाच्या रॉयल्टीची पावती मागा. सार्वजनिक कामावर बिनपावतीची गाडी अडवली गेली की सगळ्यांचा उत्साह मावळतो.

जमिनीत खोदलेला बाउल मात्र डोक्यातून काढून टाका. सखल भागात पावसाळ्यात पाण्याची पातळी किती वर येते, हे शामरावनगरच्या कुणालाही विचारा. खोलगट बाउलचं जूनमध्येच तळं होतं, आणि त्याचा निचरा करायला लागणारी गटाराची खोली आपल्या कॉलन्यांमध्ये मिळत नाही. जे बांधायचं ते जमिनीच्या वर बांधा. नदीच्या बाजूला असाल तर पूररेषाही बघा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आणि तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. काँक्रीट पुरानं वाहून जात नाही, पण कडेचा भराव धुऊन निघतो आणि वर बसलेला गाळ वाळायच्या आत काढावा लागतो. तेवढी माणसं त्या आठवड्यात मोकळी असतील का, याचा विचार आधीच करा, कारण तेव्हा प्रत्येकाच्या घरातच चिखल असतो.

परवानगीचं थोडक्यात सांगतो. ओपन स्पेस कुणाच्या नावावर आहे ते मंजूर लेआउट आणि मिळकत पत्रिकेवर बघा. महापालिकेकडे वर्ग झाली असेल तर उद्यान विभाग आणि नगररचना, दोन्हीकडे अर्ज लागतो. खुल्या जागेत कशाला किती बांधकाम चालतं याचे नियम आहेत, त्यामुळे आराखड्यावर लेखी ना-हरकत हातात आल्याशिवाय कुदळ मारू नका. देखभाल कुणाची, कुणाला इजा झाली तर जबाबदारी कुणाची, हे त्याच कागदावर येऊ द्या. झाड तोडायचं असेल तर १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. पण मी म्हणेन, तोडूच नका. आराखडाच वळवा, आणि बुंध्याला चिकटून काँक्रीट नको. मुळं त्याला उचलतात आणि झाडही हळूहळू जातं. अमेरिकेत पोर्टलंडच्या बर्नसाइड पुलाखाली १९९० मध्ये स्केटर्सनी परवानगी न घेता बांधकाम सुरू केलं, शहरानं ते नंतर मान्य केलं. ही गोष्ट आपल्या पोरांना फार आवडते. पण ती पुलाखालची पडीक जागा होती. तुमच्या बागेत सकाळी चालायला येणारे पन्नास जण आहेत, त्यांना विचारूनच सुरुवात झाली पाहिजे.

आता रॅम्प. शिकणाऱ्यांसाठी तीन फूट उंच आणि सात फूट त्रिज्येचा क्वार्टर पाइप, म्हणजे एका बाजूनं वक्र चढत जाणारा रॅम्प, पुरतो. त्याची वक्र बाजू जमिनीवर पावणेसहा फूट जागा घेते, वर उभं राहायला तीन फुटांचा कट्टा धरा. पन्नास फुटांच्या दोन टोकांना असे दोन समोरासमोर घेतले तरी मध्ये बत्तीस फूट सपाट उरतं. हे सपाट सगळ्यात महत्त्वाचं आहे. नवं पोरगं पहिले कित्येक महिने सपाटीवरच असतं: ढकलणं, वळणं, थांबणं, उडी. सपाटीच्या कडेला गुडघ्याच्या निम्म्या उंचीचा एक लांब ओटा दिलात की बरंच झालं. त्याच्या कडेला लोखंडी अँगल बसवा, नाहीतर सिमेंटची धार चार दिवसांत उडते.

वक्रता डोळ्यानं काढू नका. प्लायवूडवर खिळा आणि सात फुटांची दोरी घेऊन कंस काढा, फर्मे कापा आणि मुरूम त्या फर्म्याच्या आकारातच दाबून घ्या. काँक्रीट भरल्यावर त्याच फर्म्यावरून पट्टी ओढायची. वरच्या कडेला दोन इंची जीआय पाइप लागतो. तो सळीला वेल्ड करून घट्ट धरलेला हवा आणि कट्ट्याच्या वर चार-पाच मिलिमीटरच दिसला पाहिजे. जास्त आला तर चाकं अडकतात, कमी आला तर बोर्डाला जाणवतच नाही.

ओतायच्या दिवशी हौशी माणसं मागे ठेवा. एवढ्या जागेला साधारण बारा घनमीटर माल लागतो, म्हणजे रेडिमिक्सच्या दोन गाड्या. सपाटी आधी, रॅम्प वेगळ्या दिवशी. रॅम्पचा माल घट्ट मागवा, आणि लवकर सरकावा म्हणून कुणालाही त्यात पाणी घालू देऊ नका. पाणी वाढवलेला माल उतारावरून खाली बसतो आणि वरचा थर पुढे पिठासारखा सुटतो. रंधा मारून झाल्यावर गुरमाळा (गुळगुळीत करायची थापी) कधी फिरवायचा, हे फक्त हातालाच कळतं. तो हात असलेला गवंडी शोधा, त्याला जास्त पैसे द्या आणि त्याला आधीच एक स्केटबोर्ड दाखवा. आमच्या गवंड्यानं चाकावर अंगठा फिरवून बघितला आणि त्यानंतर त्याला काही सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी दहा-बारा फुटांवर कटर मारून अरुंद सांधे घ्या. सगळ्या सपाटीला वीस फुटांच्या बाजूनं अडीच इंच उतार द्या, म्हणजे पाणी थांबत नाही. पेव्हिंग ब्लॉक आणि टाइल्स कितीही स्वस्तात मिळाल्या तरी नकोत.

काम करायचंच तर फेब्रुवारीत करा. एप्रिल-मेच्या उन्हात वरचा थर तासाभरात सुकून बारीक तडे जातात. ओतल्यावर गोणपाट घालून निदान सात दिवस पाणी मारायचं, चौदा दिवस मारलंत तर फार चांगलं. हे काम आमच्याकडे ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावरच्या काकांनी उचललं. सुरुवातीला स्केटिंगला सगळ्यात मोठा विरोध त्यांचाच होता, आवाजाचा त्रास होईल म्हणून, आणि तो मुद्दा बरोबरच होता. म्हणून जागा कट्ट्यापासून आणि घरांच्या भिंतींपासून लांब घेतली, दुपारची वेळ बंद ठेवली. पहाटे नळी धरून उभे राहिलेले तेच काका आता चप्पल घालून स्लॅबवर येणाऱ्यांना खडे झाडून यायला सांगतात.

गणेश मंडळाशी आधीच बोला. वर्गणी, पावती पुस्तक, माणसं जमवणं, हे सगळं त्यांना येतं. पण गुळगुळीत सपाट जागा दिसली की मांडवाचे खांब रोवायला तिथे भोकं पडतात. एकदा पडलेलं भोक सिमेंटनं बुजवलं तरी कडा सुटत राहते. स्लॅबच्या बाहेर, कडेनं, खांबांसाठी पाइपचे खोबणे आत्ताच गाडून द्या. उन्हाळ्यात बायका सकाळी तिथे पापड-कुरडया वाळत घालतील, खुशाल घालू द्या, पोरं संध्याकाळी येतात. गाड्या मात्र आत येता कामा नयेत, त्यासाठी तोंडाशी खांब हवेतच.

आणि एक गोष्ट पहिल्या दिवसापासून ठरवा. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार गावी २०१५ मध्ये उलरिके राइनहार्ड यांच्या पुढाकारानं स्वयंसेवकांनी स्केटपार्क बांधला. तिथे दोन नियम होते: शाळा बुडवली तर स्केटबोर्ड नाही, आणि आधी मुलींचा नंबर. त्याच गावची आशा गोंड २०१८ मध्ये चीनच्या नानजिंगला जागतिक स्पर्धेत खेळून आली. आपल्याकडे हा नियम नसेल तर पंधरा-सोळा वर्षांची मुलं जागा व्यापतात आणि बाकीच्यांनी बाहेर उभं राहायचं. आम्ही आठवड्यातल्या काही संध्याकाळी मुली आणि लहान मुलांसाठीच ठेवल्या आहेत आणि हेल्मेटशिवाय रॅम्प नाही. हेल्मेट आणि चार-पाच बोर्ड सामाईक घ्या. ज्या घरांना ते परवडत नाहीत तिथलीच मुलं सगळ्यात जास्त येतात, हे मी रोज बघतो. पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर सांधे साफ करून भरायचे, कडेची चर मोकळी करायची, एवढी देखभाल पुरते.

तुम्ही आधी खड्डे घ्या. काळी माती किती खोल निघाली, जागेची लांबी-रुंदी, झाडं कुठे आहेत आणि पाणी कुठल्या बाजूला वाहतं, एवढं कागदावर काढून इथे टाका. उतार आणि रॅम्पच्या जागा मी मांडून देतो.