घरगुती सोलर बसवण्याचं काम शिकायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की वीजकामाचा काहीच अनुभव नसताना एखादा छोटा कोर्स करून घरगुती सोलर पॅनल बसवण्याच्या कामात उतरता येईल का, आणि त्यासाठी नेमकं काय शिकावं लागतं. मी हेच काम करतो आणि नव्या मुलांना हाताखाली घेऊन शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मदतनीस म्हणून लगेच सुरुवात करता येईल. स्वतःच्या जबाबदारीवर सिस्टिम उभी करून चालू करून देणारा माणूस व्हायला मात्र वेळ लागतो, आणि तो द्यायलाच हवा. छपरावर पॅनल चढवणं, रेलवर ठेवून क्लॅम्प आवळणं हे कामातलं सगळ्यात आधी डोळ्यांत भरणारं आणि सगळ्यात लवकर जमणारं काम आहे. बाकीचं काम विजेचं आहे. म्हणून माझा आग्रह एवढाच की आधी वायरमनचं काम शिका, सोलर त्यानंतर. ओहमचा नियम, सिरीज आणि पॅरललमधला फरक, वायरची जाडी कशी ठरवायची, लांब वायरीत व्होल्टेज किती पडतं, एमसीबी (जास्त करंट झाला की पडणारा स्विच) आणि आरसीसीबी (करंट गळायला लागला की पडणारा स्विच) कशापासून वाचवतात, अर्थिंग कशाला लागतं. हे पक्कं नसेल तर सोलरच्या कोर्समध्ये तुम्ही फक्त पाठांतर कराल. शिवाय ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला, जोडायच्या कामावर बहुतेक ठिकाणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनची सही लागते. तुमच्याकडे कोणती पात्रता चालते हे तुमच्या वीज कंपनीला कोर्सची फी भरण्याआधी विचारा.

अनुभवी वायरमनलासुद्धा इथे नव्याने शिकावी लागते ती डीसी, म्हणजे पॅनलमधून येणारी, एकाच दिशेने वाहणारी वीज. घरातली एसी वीज ५० हर्ट्झची असेल तर सेकंदाला १०० वेळा शून्यावरून जाते. स्विच उघडताना पडलेली ठिणगी त्या शून्याला विझते. डीसीला तो शून्यच नाही. चालू लोडवर कनेक्टर ओढून काढला तर दोन टोकांमध्ये आर्क पेटतो, आणि टोकं लांब नेली तरी तो ताणला जाऊन पेटलेलाच राहतो. म्हणून एसीसाठी बनवलेला एमसीबी डीसीच्या बाजूला लावायचा नाही, मग त्याच्यावरचा अँपिअरचा आकडा जुळत असला तरी.

दुसरी गोष्ट, पॅनल बंद करता येत नाही. मेन स्विच पाडला, इन्व्हर्टर (पॅनलच्या डीसीची घरासाठी एसी करणारं यंत्र) बंद झाला, तरी पॅनलपासून डीसी आयसोलेटरपर्यंतची (डीसी बाजू तोडणाऱ्या स्विचपर्यंतची) वायर उजेड असेपर्यंत जिवंतच असते. तिसरी गोष्ट नवख्यांच्या सगळ्यात उशिरा लक्षात येते. ग्रिडच्या वायरीत शॉर्ट झालं की करंट प्रचंड वाढतो आणि फ्यूज उडतो. पॅनलचं तसं नसतं. चालू स्थितीत १३ अँपिअर देणारा पॅनल शॉर्ट केला तरी साधारण १४ अँपिअरच देतो. एकट्या स्ट्रिंगमध्ये, म्हणजे सिरीजमध्ये जोडलेल्या पॅनलच्या एका माळेत, दोष झाला तर फ्यूजला त्याचा पत्ताच लागत नाही आणि दोष तसाच तापत राहतो. इथे फ्यूजच्या भरवशावर राहता येत नाही, मुळातलं काम निर्दोषच करावं लागतं.

त्यामुळे हात लावण्याचा क्रम अंगवळणी पडायला हवा: आधी इन्व्हर्टरची एसी बाजू बंद, मग डीसी आयसोलेटर बंद आणि त्याला कुलूप, मग क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणाऱ्या मीटरने) करंट शून्य असल्याची खात्री, आणि त्यानंतरच कनेक्टर उघडायचा. यात एक बारकावा आहे. बरेच स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त एसी करंट मोजतात. डीसी वायरीवर तो लावला की शून्य दिसतं, आणि वायरीतून मात्र पूर्ण करंट वाहत असतो. मीटर विकत घेतानाच तो डीसी करंट मोजतो का, आणि तुमच्या स्ट्रिंगचं व्होल्टेज त्याच्या मर्यादेत बसतं का, हे पाहून घ्या.

आता हिशोबाचं एक उदाहरण देतो, कारण कोर्स चांगला की वरवरचा हे अशाच गणितावरून कळतं. पॅनलच्या मागच्या लेबलवरचे आकडे १००० वॅट प्रति चौरस मीटर प्रकाश आणि सेलचं तापमान २५ अंश धरून दिलेले असतात. समजा ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे काहीच न जोडता पॅनलच्या टोकांवर मिळणारं व्होल्टेज, ४९.५ आहे आणि इन्व्हर्टरची कमाल मर्यादा ६०० व्होल्ट. १२ पॅनल सिरीजमध्ये लावले तर ५९४ व्होल्ट होतात, म्हणजे कागदावर बसतंय. पण सिलिकॉनचं व्होल्टेज थंडीत वाढतं. डेटाशीटवर अंशाला ०.२७ टक्के दिलं असेल आणि तिथलं सगळ्यात कमी तापमान शून्य अंश असेल, तर २५ अंशांच्या फरकाने व्होल्टेज पावणेसात टक्क्यांनी चढतं. एक पॅनल ५२.८ वर जातो आणि १२ मिळून ६३४ व्होल्ट. थंड, स्वच्छ सकाळी उजेड पडल्याबरोबर इन्व्हर्टर जळू शकतो. ११ पॅनल लावले तर ५८१ व्होल्ट होतात आणि काम सुरक्षित राहतं. हा हिशोब तुम्हाला कागद-पेन घेऊन, कुणाला न विचारता करता आला पाहिजे. सॉफ्टवेअर करतंच, पण त्यात तापमान कुठलं भरलंय हे तपासणारा माणूस लागतो.

कनेक्टरवर तर मी शिकाऊ मुलांकडून भरपूर सराव करून घेतो. साध्या पकडीने वायरीवर दाबलेला कॉन्टॅक्ट (कनेक्टरच्या आतली धातूची पिन) दिसायला ठीक दिसतो, पण आत तारा सैल असतात. सैल सांध्याचा रेझिस्टन्स वाढतो, तो तापतो, प्लास्टिक मऊ होतं आणि पुढे आग. पिन वायरीवर दाबून बसवायला, म्हणजे क्रिम्प करायला, योग्य क्रिम्पिंग टूल वापरा, क्रिम्प केल्यावर ओढून पाहा आणि शक्य असेल तेव्हा एखादा नमुना कापून आतून बघा. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसतात म्हणून जोडू नका. ‘एमसी४ ला (सोलरमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या कनेक्टरला) चालणारा’ असं पाकिटावर लिहिलेलं असलं तरी नको. धातूचा मुलामा आणि मापातला सूक्ष्म फरक वर्षा-दोन वर्षांनी त्रास देतो. पॅनलची जोडणी करताना प्लस आणि मायनसच्या वायरी शेजारून न्या. त्यांच्यामध्ये मोठा वेढा राहिला तर जवळपास वीज पडल्यावर त्यात व्होल्टेजचा झटका तयार होतो.

छपराचं प्रशिक्षण वेगळं घ्या आणि ते सोलरच्या कोर्सपेक्षा कमी महत्त्वाचं मानू नका. या कामात शॉकइतकाच पडण्याचा धोका आहे. हार्नेस नुसता घालून उपयोग नाही, तो कुठे अँकर करायचा हे कळलं पाहिजे. शिडी चार फूट उंचीला एक फूट बाहेर या प्रमाणात लावायची. दोन चौरस मीटरहून मोठा आणि वीस किलोच्या वर वजनाचा पॅनल वाऱ्यात शिडासारखा फुगतो, त्यामुळे जोराच्या वाऱ्यात तो वर न्यायचाच नाही. फ्रेमवर क्लॅम्प कुठे धरायचा ती जागा उत्पादकाने ठरवून दिलेली असते आणि बोल्ट टॉर्क रेंचने आवळायचे असतात. अंदाजाने आवळलेला बोल्ट एक तर काच ताणतो किंवा वादळात पॅनल सोडतो. छपराला जिथे जिथे भोक पाडाल तिथे पाणी शिरणार नाही याची जबाबदारी तुमचीच.

मला सगळ्यात जवळचा विषय शेवटच्या तपासणीचा. यासाठी आयईसी ६२४४६-१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. अर्थिंगची कंटिन्युइटी, पोलॅरिटी, प्रत्येक स्ट्रिंगचं ओपन सर्किट व्होल्टेज, शॉर्ट सर्किट करंट आणि इन्सुलेशन, हे सगळं मोजून लिहून ठेवायचं असतं. एकसारख्या स्ट्रिंगपैकी एकीचं व्होल्टेज पन्नासेकने कमी आलं तर एक पॅनल जोडणीतून सुटलाय हे लगेच समजतं. करंट प्रकाशाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून ७०० वॅटच्या उजेडात १४ अँपिअरचा पॅनल १० अँपिअरच्या आसपास दाखवणार, ते बरोबरच आहे. इन्सुलेशन मेगरने (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणाऱ्या मीटरने) तपासताना आधी इन्व्हर्टर वेगळा काढायचा. १२० व्होल्टच्या वरच्या सिस्टिमला किमान १ मेगाओहम यायला हवा. वायर कुठे पत्र्याच्या धारेवर घासली असेल तर ती इथेच सापडते. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही.

ग्रिड गेली की इन्व्हर्टर आपोआप बंद होतो ना, हेही मेन पाडून स्वतः बघा. तो बंद झाला नाही तर लाइनवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतेल. ग्राहकालाही हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर वीज गेल्यावर सोलर का चालत नाही म्हणून तो तुमच्यावर नाराज होईल. वीज गेलेल्या वेळी पुरवठा हवा असेल तर बॅटरी आणि त्यासाठीचा हायब्रिड (पॅनल, बॅटरी आणि ग्रिड तिन्ही सांभाळणारा) इन्व्हर्टर लागतो, आणि बॅटरीचं प्रशिक्षण स्वतंत्रच घ्यावं.

कोर्स निवडताना तिथे जाऊन काही गोष्टी विचारा. सरावासाठी जमिनीवर उभारलेलं खोटं छप्पर आहे का? प्रत्येकाला स्वतःच्या हाताने क्रिम्प करायला मिळतं, की एकजण करतो आणि बाकीचे बघतात? मुद्दाम दोष घालून ठेवलेली स्ट्रिंग देऊन तो शोधायला लावतात का? शिकवणारा माणूस अजून स्वतः साइटवर जातो का? यांपैकी बहुतेकांची उत्तरं ‘नाही’ अशी आली तर ते प्रमाणपत्र भिंतीवर लावण्यापुरतंच राहील. फक्त ऑनलाइन शिकवणारा कोर्स थिअरीसाठी चालेल, त्याच्या जोरावर छपरावर जाऊ नका.

कोर्स झाल्यावर किमान एक वर्ष अशा माणसाच्या हाताखाली काम करा जो तपासणी टाळत नाही. पगार थोडा कमी मिळाला तरी चालेल. नव्या साइट्सइतकंच त्याच्यासोबत बिघडलेल्या जुन्या सिस्टिम दुरुस्त करायला जा. तिथे जळालेले कनेक्टर, पाणी शिरलेले जंक्शन बॉक्स आणि उन्हाने फुटलेले केबल टाय बघितलेत की स्वतः वायर ओढताना कुठे काळजी घ्यायची ते कळेल. आणि पहिल्या साइटपासूनच प्रत्येक स्ट्रिंगचं रीडिंग तारीख, वेळ आणि उजेडासकट एका वहीत लिहीत जा.