वीस महिन्यांची मुलगी 'अभ्यासाला' बसत नाही?

तुम्ही लिहिलंय की चित्रांची कार्डं आणली, रंगीत ठोकळे आणले, पण मुलगी दोन मिनिटं बसत नाही. उलट घरातले खण रिकामे करत सुटते. तिच्याकडून घरी काय करून घ्यावं, असा तुमचा प्रश्न आहे.

आधी ते 'करून घेणं' सोडा. वीस महिन्यांच्या मुलीने एका गोष्टीत दोन-तीन मिनिटं रमणं म्हणजे छानच रमणं. माझ्या थोरल्यासाठी मी रात्री जागून कार्डं कापली होती. त्याने ती एकेक करून पलंगाखाली सरकवली आणि मग वाकून बघत बसला, गेली कुठे! तेव्हा मी चिडले होते. डोळ्याआड झालेली वस्तू नाहीशी होत नाही, हे तो पुन्हापुन्हा पडताळून बघत होता, हे फार उशिरा कळलं.

तुमच्या मुलीला खण उपसायचेत ना? मग खालचा एक तिलाच देऊन टाका. त्यात तीन-चार डबे, त्यांची झाकणं, लाकडी चमचा, जुने मोजे ठेवा. झाकणं सुरुवातीला दोनच, एक मोठं आणि एक छोटं. चुकीचं झाकण लावून ती दाबत बसेल. बसू दे. तुमचा हात आपोआप पुढे जाईल, तेव्हा मनात दहा आकडे मोजा. तिने तुमच्याकडे वळून पाहिलं, तरच मदत करा, तीही डबा जरासा तिच्याकडे वळवून देण्याइतकीच. आठवड्याने दोन वस्तू बदला, खण पुन्हा नवा होतो.

दुसरा हमखास खेळ पाण्याचा. पसरट टबात दोन बोटं पाणी, दोन पेले, एक स्पंज आणि एक गाळणं. पेल्यात पाणी राहतं, गाळण्यात राहत नाही, या कोड्यावर माझी धाकटी कितीतरी दिवस खूश होती. ओतताना आणि पिळताना मनगट-बोटांना जो व्यायाम होतो, तो पुढे बटण लावताना, पेन्सिल धरताना कामी येतो. मात्र तिथून क्षणभरही हलू नका, फोन वाजला तरी. काही सेंटिमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. खेळ संपला की टब लगेच रिकामा.

धुतलेल्या कपड्यांतून मोज्यांच्या जोड्या लावायला बसवा. 'हा बाबाचा, हा तुझा' म्हणताना लहान-मोठं, सारखं-वेगळं सगळं येतं. काम तिप्पट वेळ खातं, हेही सांगून ठेवते.

बोलताना तिच्या एक पाऊल पुढे राहा. ती 'भूभू' म्हणाली तर तुम्ही 'हो, भूभू पळाला' म्हणा आणि थांबा. तिची पाळी आहे. 'हा कुठला रंग?' ही तोंडी परीक्षा नको. रंगांची नावं बऱ्याच मुलांना तीन वर्षांच्या आसपास नीट जमतात. जिना चढताना एक-दोन-तीन म्हणणं हे गाणं झालं. 'दोन मोजे दे' म्हटल्यावर दोनच हातात आले, की संख्या कळायला लागली समजा. त्याला अजून अवकाश आहे, घाई नको.

इंटरनेटवरचे मणी-गोट्यांचे देखणे खेळ तीन वर्षांपर्यंत विसरा. टॉयलेट पेपरच्या नळीतून आरपार जाणारी वस्तू घशात अडकू शकते. बटण-सेल आणि छोटी लोहचुंबकं तर तिच्या हाताला लागताच कामा नयेत.

मोबाइलवरच्या ॲपचंही विचारलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलांना बसून स्क्रीन दाखवूच नये, आणि दोन वर्षांनंतर दिवसाला एक तासाहून जास्त नको.

एकच गोष्ट मनावर घ्या. ती हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, हाकेला वळून बघत नसेल किंवा येणारे शब्द बोलेनाशी झाली असेल, तर खेळ बदलत बसू नका; बालरोगतज्ज्ञांना भेटा. बाकी खण उपसण्याबद्दल काळजी नको, फक्त वरच्या खणांना तेवढे लॉक लावून घ्या.