‘अपराधगंड’ आणि हुकलेला बाण

प्रश्न असा आला आहे: रशियन लेखक दस्तयेव्हस्कीच्या ‘क्रोत्काया’ या दीर्घकथेवर मराठीत लिहिताना तिच्या नायकाला ‘अपराधगंड’ आहे म्हणावं की ‘अपराधबोध’?

दोन्ही नको. ‘अपराधीपणा’ हा सरळ शब्द घरात असताना हे दोन शब्द का वापरले जातात, हेच कळत नाही. न्यूनगंड, अहंगंड यांतला ‘गंड’ म्हणजे मनात नकळत बसलेली गाठ. ज्याच्या मनात ती असते त्याला ती दिसत नाही, त्याच्या वागण्यातून इतरांना जाणवते. दोष नसताना, किंवा नखाएवढा असताना, माणूस वर्षानुवर्षं स्वतःला कोसत राहिला तर तो अपराधगंड. अपघातातून एकटाच वाचलेल्याला ‘मी का वाचलो’ असं खात राहतं, तिथे तो शब्द शोभतो. या कथेतल्या सावकाराचा दोष खरा आहे. हा 41 वर्षांचा, गहाणावर पैसे देणारा माणूस सोळाला तीन महिने कमी असलेल्या निराधार मुलीशी लग्न करतो, तिच्या मायेला मुद्दाम थंडपणाने उत्तर देतो आणि पुढे अख्खा हिवाळा तिच्याशी जवळजवळ बोलत नाही. खऱ्या दोषाला गंड म्हटलं की तो आजार ठरतो आणि माणूस सुटतो.

‘अपराधबोध’ हिंदीतून आला. हिंदीत बोध म्हणजे जाणीव. मराठीत आपण बोध ‘घेतो’, कीर्तनातून, गोष्टीतून. त्यामुळे मराठी कानाला अपराधबोध म्हणजे अपराधापासून घेतलेली शिकवण वाटते. ‘पश्चात्ताप’ही जपून वापरा. त्यात आपली चूक पूर्ण पदरात घेणं आहे, आणि हा माणूस शेवटपर्यंत मध्येच स्वतःची वकिली करतो.

पण खरी मजा ‘अपराध’ या शब्दातच आहे. ‘राध साध संसिद्धौ’ असं धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची जुनी यादी, सांगतो. राध् म्हणजे साधणं, तडीस जाणं. अप लागला की न साधणं, हुकणं. अमरकोशात ‘अपराद्धपृषत्क’ असा शब्द आहे. पृषत्क म्हणजे बाण, आणि ज्याचा बाण लक्ष्यावरून घसरला तो धनुर्धर अपराद्धपृषत्क. संस्कृत कवी माघाने ‘शिशुपालवध’ या महाकाव्याच्या दुसऱ्या सर्गात याचं सोनं केलं आहे: कामाचा नीट विचार न केलेल्या वाक्पटूचं शब्दजाल व्यर्थ, ‘निमित्तादपराद्धेषोर्धानुष्कस्येव वल्गितम्’. निमित्त म्हणजे इथे लक्ष्य. नेम चुकल्यावर तिरंदाजाने मारलेल्या फुशारक्या!

आता ती कथा आठवा. बायकोने देवाची तसबीर छातीशी धरून खिडकीतून उडी घेतली आहे, प्रेत टेबलावर आहे, आणि नवरा खोलीत येरझारा घालत बोलतोय, सगळा हिशेब जुळवतोय. न बोलता बोलण्यात आपण पटाईत, असं ज्याने मिरवलं तो आता थांबत नाही. माघाच्या ओळीतलं वल्गित ते हेच. आणि त्याचा आक्रोश कशाचा? पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं उशीर झाला! तो परदेशी जाण्याच्या पासपोर्टांसाठी बाहेर गेला होता. बाण हुकला.

इथे रशियन शब्दाशी तुलना करा. गुन्ह्याला रशियनमध्ये ‘प्रेस्तुप्लेनिये’ म्हणतात, म्हणजे पाऊल पलीकडे टाकणं. आपल्या ‘अतिक्रमा’सारखी बांधणी. या सावकाराने कायद्याची कुठलीच रेघ ओलांडलेली नाही. तो पोचलाच नाही. म्हणून त्याला रशियनपेक्षा आपला ‘अपराध’ नेमका बसतो, असं माझं ठाम मत आहे.

काही समीक्षक ग्रीक शोकांतिकेच्या चर्चेतल्या ‘हमार्तिया’ या शब्दाचा अर्थ ‘स्वभावदोष’ असा करतात. साफ चूक. तोही मुळात नेम हुकण्याचाच शब्द आहे. मात्र दोघांची व्युत्पत्ती एक नाही. दोन भाषांनी एकच प्रतिमा स्वतंत्रपणे शोधली. मराठीनेही शोधलीच. प्राकृतात ‘चुक्क’, प्राकृताचा व्याकरणकार हेमचंद्र भ्रंश् (घसरणं) या संस्कृत धातूच्या जागी येणारं रूप म्हणून तो देतो, आणि त्यावरून आपलं ‘चुकणं’. गाडी चुकते, वाट चुकते, नेम चुकतो आणि माणूसही चुकतो. ‘चूक’ला हलकी समजून ‘अपराध’ जड करणाऱ्यांनी हे पाहावं.

‘राधेपासून दूर तो अपराध’ ही फोडही ऐकू येते. गोड आहे, पण उलटी आहे. राधा हे नाव त्याच धातूचं, अपराध राधेपासून निघालेला नाही. ‘आराधना’ही तिथलीच. उपसर्ग बदलला की एकाच धातूतून पूजा निघते आणि गुन्हाही. वसंतात बायको त्याच्यासमोर गाऊ लागते, तेव्हा हा माणूस तिच्या पायांशी कोसळतो, तिचे पाय जिथे टेकले ती जमीन चुंबतो. ती म्हणते, मला वाटलं होतं, तुम्ही मला अशीच राहू द्याल. त्याची आराधना सुरू झाली तेव्हा तिला तो अबोलाच बरा वाटू लागला होता.

तर लेखात ‘नायकाला अपराधी वाटत राहतं’ असं क्रियापदाने लिहा. नामच हवं असेल तर ‘अपराधीपणा’. ‘अपराधीपणाची भावना’ नको, पणा लागला की भाव त्यातच आला. आणि 1876 च्या नोव्हेंबरातली ही कथा मुळातून उलगडायची असेल, तर शीर्षकाचा शब्दही तपासा: ‘क्रोत्काया’ म्हणजे निमूट, सोसणारी. ‘सौम्य’ म्हटलं की त्यातलं सोसणं गळून पडतं.