हेडसेटमधली शिट्टी : फिल्टर लावावा का?

प्रश्न : मी अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो. संचातून स्वतः बांधलेले माझे दोन आसनी, धातूचे विमान गेल्या वर्षापासून उडते आहे. इंजिन सुरू झाले की हेडसेटमध्ये बारीक शिट्टी ऐकू येते आणि इंजिनाचे फेरे वाढले की तिची पट्टी चढत जाते. विमानतळावरचे सगळे सांगतात, फिल्टर लाव. लावावा का?

उत्तर : लगेच नको. फिल्टर म्हणजे विजेच्या पुरवठ्यातले बारीक चढउतार गाळणारा भाग. आवाज कोणत्या वाटेने शिरतो हे शोधण्यापूर्वी लावलेल्या फिल्टरमुळे पुष्कळदा विमानाचे वजन तेवढे वाढते.

पट्टी फेऱ्यांबरोबर चढते, त्याअर्थी संशय आल्टरनेटरवरच, म्हणजे इंजिनाने फिरणाऱ्या वीज तयार करणाऱ्या यंत्रावरच जातो. त्यातील तीन फेजच्या एसी (उलटसुलट वाहणाऱ्या) प्रवाहाचे डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) डीसीत, म्हणजे एकदिश प्रवाहात रूपांतर करतात, पण ती डीसी अगदी सपाट नसते. एसीच्या प्रत्येक आवर्तनात तिच्यावर सहा बारीक लाटा उरतात. बारा ध्रुवांच्या आल्टरनेटरच्या एका फेऱ्यात अशी सहा आवर्तने होतात, म्हणून तो मिनिटाला ७,२०० फेरे घेत असेल तर सेकंदाला ४,३२० लाटा होतात आणि त्याच कानाला टोचतात. मॅग्नेटोचा (इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या यंत्राचा) उपद्रव असेल तर तो तडतडल्यासारखा ऐकू येतो.

खात्री करण्यासाठी विमान दोरांनी बांधून, चाकांना ठोकळे लावून इंजिन चालवावे आणि फक्त आल्टरनेटरचा फील्ड स्विच (त्याची वीजनिर्मिती थांबवणारे बटण) बंद करावा. शिट्टी थांबली तर उगम सापडला. मात्र चालू इंजिनावर आल्टरनेटरची जाड मुख्य वायर कधीही सोडवू नये. व्होल्टेज एकदम उसळून रेडिओ निकामी होऊ शकतो.

आता रेडिओचा आवाज त्याच्या बटणाने कमी-जास्त करून पाहावा. शिट्टी तेवढीच राहिली तर ती त्या बटणाच्या पुढे, म्हणजे इंटरकॉम (विमानातल्यांना हेडसेटवरून आपसांत बोलू देणारी यंत्रणा) किंवा हेडसेटच्या वायरिंगमध्ये शिरते आहे. मग इंटरकॉमच्या पुरवठ्याच्या दोन्ही वायर विमानापासून सोडवून तो वेगळ्या लहान १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवावा. शिट्टी गेली तर ती पुरवठ्याच्या वायरींतून येत होती. राहिली तर बहुधा दोष ग्राउंडचा, म्हणजे विजेच्या परतीच्या जोडणीचा आहे.

धातूच्या विमानात हा दोष फार वेळा सापडतो आणि त्याचे ठिकाण म्हणजे हेडसेटचे जॅक, म्हणजे त्याची पिन खोचण्याची पॅनेलवरची भोके. जॅकचा बाहेरचा भाग पॅनेलच्या पत्र्याला टेकला की ऑडिओचे ग्राउंड दोन ठिकाणी जोडले जाते, आणि त्या दोन ठिकाणांच्या व्होल्टेजमधला किंचितसा फरकही कानात पोहोचतो. जॅकच्या दोन्ही बाजूंना फायबरचे वॉशर हवेत. भोकाच्या कडेला मधला दांडा टेकू नये म्हणून एका वॉशरला उंचवटा असतो, आणि तो उलटा बसवण्याची चूक पुष्कळांकडून होते. इंटरकॉमकडून येणाऱ्या वायर सोडवून जॅकचा बाहेरचा भाग व पत्रा यांच्यात मल्टिमीटरने तपासावे. जोड मुळीच दाखवता कामा नये. जॅकच्या वायरी शील्डेड (धातूच्या जाळीचे आवरण असलेल्या) असाव्यात आणि ऑडिओचे ग्राउंड इंटरकॉमजवळ एकाच जागी जोडलेले असावे. (अमेरिकन विमानरचनाकार बर्ट रुटान यांच्या लाँग-ईझेडसारख्या फायबरग्लासच्या विमानात पत्राच नसल्याने ही भानगड उद्भवत नाही, तिथे ग्राउंडसाठी स्वतंत्र वायरीच ओढाव्या लागतात.)

इंजिन रबरी आधारांवर बसवलेले असते, त्यामुळे इंजिन आणि फायरवॉल (इंजिनामागची आगरोधक भिंत) यांना जोडणारी ग्राउंडची जाड विणलेली पट्टी गंजली किंवा सैल झाली आहे का, तेही पाहावे. शिट्टी पूर्वी नव्हती आणि अचानक सुरू झाली असेल तर आल्टरनेटरचा एखादा डायोड गेला असण्याची शक्यता आहे, आणि त्यावर फिल्टर हा उपाय नव्हे.

हे सारे नीट असूनही वेगळ्या बॅटरीवर शिट्टी थांबत असेल, तर इंटरकॉमच्या पॉझिटिव्ह वायरीवर, त्याच्या अगदी जवळ, छोटा फिल्टर जरूर लावावा.