झोपेत श्वास घ्यायला विसरले तर?

काकू आल्या त्याच बोटाला ऑक्सिमीटर लावून. साठीच्या आतल्या, घर इंदूरच्या रामबागेत. (ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशील बदलले आहेत.)

"ताई, डोळा लागतो न लागतो तोच दचकून उठते. वाटतं, झोपेत श्वास घ्यायलाच विसरले तर?"

मग दिवा लावायचा, बोट यंत्रात घालायचं आणि भराभरा मोठे श्वास घ्यायचे. यंत्र ९८-९९ दाखवायचं, तरी ओठ बधिर, बोटांना मुंग्या, डोकं हलकं. डॉक्टरांनी हृदय-फुप्फुसं तपासून नीट असल्याचं सांगितलं होतं. झोपेत घोरणं किंवा श्वास अडकणं काकांच्या कधी लक्षात आलं नव्हतं. तसं काही असतं तर मी आधी झोपेच्या तपासणीलाच पाठवलं असतं.

२०२१ नंतर हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. त्यावर "मनाचे खेळ आहेत" असं म्हणून पाठवणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. मुंग्या खऱ्याच असतात.

मी म्हटलं, "काकू, आत्ता श्वास रोखून धरा. नको वाटलं की सोडा." पंचवीसेक सेकंदांत त्यांनी हुश्श करून सोडला. बोटापर्यंत बदल पोचायला वेळ लागतो, म्हणून आणखी मिनिटभर यंत्राकडे बघत बसलो. आकडा जेमतेम एकाने हलला.

"मग जीव इतका कासावीस का झाला?" त्यांनीच विचारलं.

कारण ती हाक मुख्यतः ऑक्सिजनची नसते, कार्बन डायऑक्साइडची असते. हा वायू रक्तातून मेंदूभोवतीच्या द्रवात सहज उतरतो आणि त्याची आम्लता वाढवतो. मेंदूच्या देठातल्या पेशी ती ओळखतात आणि श्वास वाढवतात. दुसरी चौकी मानेत, जबड्याच्या कोनाखाली, जिथे मोठी धमनी दुभंगते तिथे. तांदळाच्या दाण्याएवढी असते, नाव कॅरोटिड बॉडी. रक्तातला ऑक्सिजन घटला की ती मेंदूला कळवते. कॉर्नेय हायमान्स यांना १९३८चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. या दोन्ही चौक्या रात्रपाळीतही चालू असतात. झोपेत कार्बन डायऑक्साइड थोडा वाढतोही, पण श्वास चालवायला आपण जागं असावं लागत नाही.

आणि मुंग्या? रक्तात या वायूचा दाब साधारण ३५ ते ४५ मिमी पारा इतका असतो. काकू भीतीने भराभरा श्वास घेऊन तो खाली आणत होत्या. तो घटला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून डोकं हलकं होतं. रक्त अल्कधर्मी होऊन त्यातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं, म्हणून मुंग्या. ऑक्सिमीटरला यातलं काहीच दिसत नाही.

काकू गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "चौक्या इतक्या जाग्या असतात, तर माझ्या भावाला का कळलं नाही? कोविडमध्ये त्याचा ऑक्सिजन ८२ वर होता, आणि तो फोनवर माझ्याशी हसून बोलत होता."

खरा प्रश्न हा होता. चौकी चुकत नाही असं सांगून मला सुटता आलं नसतं. कोविडमध्ये पुष्कळांचा ऑक्सिजन घटत होता, पण कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहायचा. तो वाढला नाही की मोठी घंटा वाजत नाही. उलट तो कमी असला की मानेतल्या चौकीची हाकही मंदावते. तेव्हा ऑक्सिमीटर हवाच होता. तुमच्या भावाने दुर्लक्ष केलं नाही काकू, आणि त्याच्या आवाजावरून तुम्हाला कळायला हवं होतं असंही नाही.

त्यावर त्या खूप रडल्या. त्या दिवशी श्वासाबद्दल पुढे काही बोललो नाही.

नंतरच्या भेटींत आम्ही साधंच ठरवलं. दचकून जाग आली तर मोठा श्वास ओढायचा नाही; नाकाने हलका घ्यायचा, सोडताना वेळ लावायचा. कागदी पिशवीत श्वास घ्यायचा सल्ला शेजारणीने दिला होता, तो मी मोडीत काढला. खरंच ऑक्सिजन कमी असेल तर ते अंगाशी येतं. यंत्र रात्रीतून एकदाच.

दीड महिन्यानंतर काकू सांगत आल्या की रिमोटचे सेल संपले तेव्हा काकांनी ऑक्सिमीटरचे काढून घातले, आणि त्यांना ते तीन दिवसांनी कळलं. मग नवे आणले का, विचारलं.

"आणले ना. पण ते आता खालच्या कपाटात असतं, वाकून काढायला लागतं."