‘पॅरिश चर्च’ म्हणजे ‘ग्रामचर्च’ का?

मध्ययुगीन इंग्लंडमधील खेड्यांविषयीच्या लेखाचा अनुवाद करताना ‘पॅरिश चर्च’साठी ‘ग्रामचर्च’ हा शब्द चालेल का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे, कारण पॅरिश (एका चर्चच्या कक्षेत येणारी हद्द) आणि गाव या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

यॉर्कशरमधील व्हॅरम पर्सी या गावाचे सेंट मार्टिन चर्च पाहावे. दहाव्या शतकात तेथे लहानसे लाकडी चर्च उभे राहिले, पुढे दगडी झाले आणि वस्ती वाढली तसे त्याला दोन्ही बाजूंनी सोपे (कमानींपलीकडचे लांबट बाजूचे भाग) जोडले गेले. वस्ती घटल्यावर ते सोपे पाडण्यात आले. त्यांच्या बुजवलेल्या कमानी आजही भिंतींत ओळखू येतात. मेंढपाळी अधिक फायद्याची ठरू लागल्याने इ.स. १५०० च्या सुमारास गाव उठले, चर्च मात्र चालूच राहिले. त्याच्या पॅरिशमध्ये थिक्सेंडेलसारखी इतर गावेही होती आणि १८७० मध्ये स्वतःचे चर्च मिळेपर्यंत थिक्सेंडेलचे लोक येथेच येत असत. शेवटची उपासना १९४९ मध्ये झाली. म्हणजे गाव उठल्यानंतरही सुमारे साडेचारशे वर्षे जे चालले, त्याला ‘ग्रामचर्च’ कसे म्हणावे?

पॅरिश हे मुळात हक्कांचे आणि देण्यांचे क्षेत्र होते. त्या हद्दीतील लोकांचा बाप्तिस्मा व दफन त्याच चर्चमध्ये व्हायचे आणि पिकाचा दशमांशही तिकडेच जायचा. इमारतीच्या डागडुजीतही हीच वाटणी दिसते: वेदीकडील भाग दशमांशाचा धनी असलेल्या रेक्टरने (पॅरिशच्या धर्मगुरूने किंवा मठाने) सांभाळायचा आणि लोक जमत तो भाग लोकांनी. अनेक जुन्या चर्चमध्ये हे दोन भाग वेगवेगळ्या काळातील व घडणीचे दिसतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

मराठीत यासाठी नवा शब्द घडवण्याची गरज नाही. वसईच्या मराठी ख्रिस्ती समाजात पॅरिशला ‘धर्मग्राम’ म्हणतात. त्यात ‘ग्राम’ असले, तरी अर्थ एका चर्चच्या कक्षेतील सगळ्या वस्तीचा आहे. म्हणून ‘धर्मग्रामाचे चर्च’ लिहावे, किंवा पहिल्या उल्लेखात खुलासा करून ‘पॅरिश चर्च’च ठेवावे. त्याच हद्दीतील दूरच्या वाडीवरच्या लहान प्रार्थनास्थळाला मात्र ‘चॅपेल’ म्हणावे, कारण दफनाचा हक्क त्याला सहसा नसे.